सेकंडहँड क्लासिक ३५०, उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज आणि माझं २५ हजारांचं बजेट

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव टाकणार नाही. एकतर त्याला नाव नाहीच, पाटीच्या जागी नुसता गंजलेला पत्रा आहे आणि त्यावर कधीकाळी कायतरी लिहिलं होतं एवढंच कळतं, आणि दुसरं म्हणजे मामांनी मला स्पष्ट दम दिलाय, "नेटवर बिटवर टाकू नको, आधीच रांग लागल्या, पोरं येऊन डोकं खात्यात." मामा म्हणजे मिस्त्री. वय साठीच्या आसपास, सगळे त्यांना मामाच म्हणतात, आणि गाळा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आतल्या गल्लीत, एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला, मधे हे. कोल्हापूरकर शोधून काढतीलच. बाकीच्यांनी आपापल्या गावातला असला मामा शोधा, काय बघायचं आणि काय विचारायचं ते खाली आहेच.

गाडी २०१४ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, काळी, कार्बोरेटरवाली, युनिट इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात). मागं डिस्क नाही, एबीएस नाही, लायटीचं बटण बंद करता येतं, म्हणजे एकदम जुन्या जमान्यातली. गडहिंग्लजच्या एका गृहस्थांकडून ७२ हजारांना घेतली, मी तिसरा मालक. मीटरला ४१,३०० किलोमीटर. धुऊन पुसून पॉलिश मारून उभी केलेली होती, पहिल्या सेल्फला चालू झाली, धकधक मस्त होती, मी गेलो विरघळून. वडील म्हणाले होते कुणीतरी जाणकार घेऊन जा सोबत, मी मित्राला घेऊन गेलो, आणि त्या मित्राचं जाणकारपण म्हणजे त्याच्याकडं बुलेटचं स्टिकर लावलेली अॅक्टिव्हा आहे.

कागदाचं थोडक्यात, कारण त्यात काही मजा नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घेतल्या, इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस असतात ते पाळलं (आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे तिथं गेल्यावर कळलं, थोडं वाईट वाटलं), आणि नवी नंबरप्लेट, ती एचएसआरपी, ती पण बसवून घेतली, २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना लागतेच. टू व्हीलरला तेव्हा ४५० अधिक जीएसटी होते. झालं.

आता खरा विषय. माझ्याकडं गाडीच्या पलीकडं २५ हजार होते आणि मोबाईलमधे यादी होती. सायलेन्सर. एलईडी हेडलाइट. थंडरबर्डचं (एनफील्डचीच दुसरी गाडी) हँडल. बॅगा अडकवायला स्टे. सीट नवीन. जमलं तर अलॉय व्हील. यादीत ऑइल चेंज सुद्धा होतं, शेवटून दुसरं.

मामांनी यादी बघितलीच नाही. मी मोबाईल पुढं केला तर म्हणाले चष्मा आत हाय. गाडी मेन स्टँडवर घेतली, हाताखालच्या पोराला मागच्या कॅरियरवर वजन देऊन बसवलं म्हणजे पुढचं चाक हवेत, आणि समोर उकिडवं बसून फोर्कच्या दोन्ही नळ्या धरून पुढं-मागं हलवल्या. टक्. परत हलवलं. टक्. मग हँडल दोन बोटांनी अगदी हळू डावीकडून उजवीकडं नेलं, आणि बरोबर मधोमध आल्यावर ते अडकल्यासारखं थांबलं, जणू खाचेत बसलं. "बघ, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलाय. गाडी सरळ चालवताना तुला वाटलं असंल लई स्टेबल हाय. स्टेबल नाय ती, अडकल्या." आणि खरंच सांगतो, गडहिंग्लजवरून येताना मी मित्राला हेच म्हणलं होतं, की काय सरळ चालते राव गाडी.

मग मागं. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं तर आख्खा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलला, बुश गेलेले. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) पार मागच्या टोकाला चिमटीत धरून ओढली तर निम्मा दात उघडा पडला, आणि दात विळ्यासारखे एका बाजूला झुकलेले. टायरला नक्षी बऱ्यापैकी होती म्हणून मी खुश होतो, तर मामांनी साइडवॉलवर चार आकडे दाखवले, २३१६, म्हणजे २०१६ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर नखानं दाबून बघ म्हणाले, दगड झालता. पावसात ह्याच्यावर ब्रेक मारला असतास तर थेट सीपीआरमधे (बाहेरच्यांसाठी, सीपीआर हे आमच्या कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल). नक्षी शिल्लक आहे याचा अर्थ गाडी नुसती उभी होती असं म्हणावं तर फुटरेस्टचे रबर आणि गिअरचा लिव्हर पार गुळगुळीत. मग मामा मीटरकडं बघून हसले. या गाडीला मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, केबल काढून ठेवली की आकडा जागच्या जागी. ४१ हजार असेल, ६१ पण असेल. मालकानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्याही आधी एक मालक होता, पण आता मी मीटर धरत नाही, गाडीच धरतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, हे सगळं चेकिंग फुकटात वीस मिनिटात झालं, एकही पाना लागला नाही. हे मी घ्यायच्या आधी केलं असतं तर पाच-सात हजार तरी भाव पाडता आला असता. असो.

बॅटरीचा किस्सा तर ऐकाच. मल्टिमीटर लावला, उभ्या गाडीला १२.२ का काय दाखवत होतं, मी म्हणलं बारा व्होल्ट तर आहे की. सेल्फ मारल्या मारल्या आकडा धाडकन नऊच्या खाली. आता मी इतके दिवस काय करत होतो, तर सकाळी गाडी थंड असली की सेल्फ दाबायचा, अर्धा फेरा फिरायची आणि कड्डाक करून आवाज यायचा, परत दाबायचा, परत कड्डाक, तिसऱ्यांदा चालू. मला वाटायचं बुलेट आहे, असं होतच असेल. मामांनी कपाळाला हात लावला. या इंजिनात सेल्फची मोटर आणि क्रँक यांच्यामधे एक स्प्रॅग क्लच असतो, मोटरनं फिरवलं की तो धरतो आणि इंजिन चालू झालं की सोडतो, आणि बॅटरीत दम नसताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि त्याचा मार थेट त्या स्प्रॅगला. तो गेला की इंजिनाची डावी बाजू उघडा, मॅग्नेट काढा, आणि मग खर्च बॅटरीच्या दुप्पट-तिप्पट. "किक कशाला दिल्या कंपनीनं? शोला? बॅटरी डाऊन असली की किक मारायची, गपगुमान." माझा स्प्रॅग वाचला, निदान आत्ता तरी. नवीन १४ अँपिअरची बॅटरी, २,१५० रुपये.

आणि दुसरा प्लग! हे मला माहीतच नव्हतं. या इंजिनाला ट्विनस्पार्क म्हणतात म्हणजे दोन प्लग, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकनं एकाच बाजूचा बदलत आणलेला, दुसरा कोळसा झालेला आणि त्याची वायर उंदरानं कुरतडलेली. म्हणजे माझी गाडी एका प्लगवर चालू होती. चालते म्हणे तशी, बंद नाही पडत, फक्त दम कमी आणि पेट्रोल जास्त. मालक म्हणाला होता बुलेट आहे, २५-२६ च देणार, आणि ते मी मानलं होतं. दोन्ही प्लग, कॅप, एअर फिल्टर मिळून सहाशे वीस रुपये. आता ३३ देते हायवेला. प्लगचे पैसे दोन महिन्यात पेट्रोलमधेच वसूल झाले, असला हिशोब आयुष्यात फार कमी वेळा जमतो.

ऑइलचं पण एक लेक्चर झालं. ग्रेड १५ डब्ल्यू ५०, आणि डब्यावर जासो एमए लिहिलेलं पाहिजे, कारण क्लच प्लेटा त्याच ऑइलमधे भिजलेल्या असतात, कारचं भारीतलं ऑइल ओतलं तर इंजिन खुश आणि क्लच स्लिप. सगळं पहिल्यांदा भरताना पावणेतीन लिटर बसतं पण नुसतं बदलताना दोन लिटरच्या थोडं वरच लागतं, म्हणून डबा रिकामा होईपर्यंत ओतायचं नाही, मेन स्टँडवर सरळ उभी करून काचेत बघत ओतायचं. माझ्यातलं जुनं ऑइल तर डांबर होतं. खालची जाळी काढली तर तिच्यात सिलिकॉनचे काळे धागे अडकलेले, कुणीतरी गॅस्केटच्या जागी लप्पा थापलेला, त्याचेच तुकडे. मामांनी ती जाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले वास घे. का घ्यायला लावला अजून कळलेलं नाही.

टॅपेट सेटिंग पण करून घ्या असं मी म्हणल्यावर मात्र पोरगं हसलं. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला टॅपेट सेट करायला लागायचे, माझ्या गाडीसारख्या २००९ ते २०२१ मधल्या क्लासिकला हायड्रॉलिक आहेत, सेटिंगच नसतं. तरी माझ्या चुलत भावाकडनं एका ठिकाणी टॅपेट सेटिंगचे ३०० घेतलेत. कुठं ते नाही सांगत, पण तुमच्या बिलात ही ओळ असेल तर विचारा बाबा नेमकं काय सेट केलं ते.

पुढचा ब्रेक पॅड, मागचे शू, ब्रेक ऑइल (डॉट ४, जुनं निघालं ते पार चहा झालेलं, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं म्हणे, म्हणून न वापरता पण बदलायचं), फोर्कचं ऑइल आणि सील, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल, चेन स्प्रॉकेटचा पूर्ण किट, मागचा टायर ट्यूबसकट. मजुरी ३,५००. टोटल १७,५७०.

बजेट २५. उरले ७,४३०. सायलेन्सरचा स ही उरला नाही.

मी थोडा खट्टू झालो हे कबूल करतो. म्हणजे एवढे पैसे घातले आणि गाडी बाहेरनं जशीच्या तशी, कुणाला दाखवणार काय, कोनसेट? मित्र म्हणाला काय बदललं रे, मी म्हणलं स्विंगआर्मचे बुश, तो म्हणाला अच्छा, आणि चहा पीत बसला. पण गाडी घेऊन गाळ्यातून बाहेर पडलो आणि पहिल्या वळणाला कळलं. आधी वळताना मी हँडलशी थोडी झटापट करायचो, आणि मला वाटायचं जड गाडी आहे, असंच असणार. आता मान वळवली की गाडी वळते. खड्ड्यातून गेलं की टक् नाही. ब्रेक दोन बोटात. मला त्या दिवशी खरं सांगू तर नवीन गाडी मिळाल्यासारखं झालं, आणि राग पण आला, की इतके दिवस मी कसल्या गाडीवर घरच्यांना बसवून फिरत होतो.

मग उरलेल्या सात हजारात मॉडिफिकेशन. इथं मामांशी खरी भांडणं.

हँडल. थंडरबर्डचं मागं येणारं हँडल मी आधीच घेऊन ठेवलेलं, १,३५० ला, कारण माझी उंची पाच-पाच आणि लांबच्या पल्ल्याला पाठ दुखते. मामांनी बसवलं, गाडी चालू केली आणि उभ्या उभ्या हँडल पूर्ण डावीकडं लॉकपर्यंत फिरवलं. गाडी आपोआप रेस व्हायला लागली. केबल ताणली जात होती. म्हणजे विचार करा, गर्दीत यू टर्न घेताय, क्लच सोडताय, आणि हँडल फिरवल्या फिरवल्या गाडी स्वतःहून पळायला लागली. मग केबल टाकीखालून दुसऱ्या वाटेनं घेतली, क्लचची पण, ब्रेकची नळी कुठं घासत नाही बघितलं, परत दोन्हीकडं लॉक करून बघितलं, तेव्हा कुठं टाय मारले. यात आख्खा दुपारचा वेळ गेला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय कारण हँडल तर कुणीही बसवून देतं दहा मिनिटात. तुम्ही कुठंही बसवा, पण बसवल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टे. हे उद्यमनगरचं सुख. तयार स्टे ऑनलाइन मिळतात पण ते माझ्या सायलेन्सरला इतके चिकटून होते की बॅग भाजलीच असती. मामांनी खडूनं फरशीवर चित्र काढलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली, त्यानं येऊन गाडीवरच पाइप धरून खुणा केल्या, वाकवला, टाके मारले, परत गाडीला लावून बघितला, पुढच्या गल्लीत पावडर कोटिंगला गेला, आणि दुसऱ्या दिवशी तयार. बोल्ट बसवायचे ते पोकळ बुश लेथवाल्यानं मी उभा असताना काढून दिले. २,२०० सगळं मिळून. ज्या गल्लीत ऑइल इंजिनाचे पार्ट बनवत पिढ्या गेल्या तिथं बुलेटचा स्टे म्हणजे कुणालाच काम वाटत नाही, तिघं मिळून चहा पिता पिता करतात. सायलेन्सरपासून चार बोटं अंतर ठेवलंय, इंडिकेटर झाकत नाही, साडीगार्ड काढायला लागला नाही. या एका कामासाठी मी आख्ख्या गल्लीला पाचपैकी पाच देतो.

लाइट. एलईडी हेडलाइट मामांनी बसवला नाही. म्हणजे बसवत नाही असं नाही म्हणाले, "बशीव की, समोरच्याला आंधळं करायचं आसंल तर" एवढंच म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की दिव्यात दम आहे, ६०/५५ वॉटचा हॅलोजन साधा नसतो, पण करंट जुन्या स्विचमधून आणि जुन्या वायरीतून फिरून जातो तोवर त्याचा जीव गेलेला असतो. म्हणून रिले टाकला, बॅटरीवरून सरळ जाडी वायर, मधे फ्यूज. ६५० रुपये. उजेडात फरक इतका पडला की पहिल्या रात्री मी थांबून बघितलं की चुकून अप्पर तर चालू नाही ना. धुक्यात हा पिवळा उजेड पांढऱ्यापेक्षा डोळ्याला बरा पडतो हे नंतर गगनबावड्यात स्वतः अनुभवलं.

सायलेन्सर. मी तीनदा विषय काढला. पहिल्यांदा म्हणाले पोलीस पकडत्यात, आणि ते खरंच आहे, जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. दुसऱ्यांदा मी म्हणलं आवाज कमीवाला बसवू, तर म्हणाले कार्बोरेटरची गाडी हाय, मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त पेट्रोल कमी, मग जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदला, नाहीतर पाइप निळा पडतोय आणि सोडताना फटाके फुटत्यात, आणि फटाके फुटले की तुला वाटणार काय भारी. तिसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही, पोराला म्हणाले चहा सांग.

सीट मात्र माझी चूक. मामांनी सांगितलेलं थांब, माझ्या ओळखीचा गावाला गेलाय, आठ दिवसात येतोय. मला धीर निघेना, मी दुसरीकडं एका दुकानात गेलो जिथं काचेच्या शोकेसमधे सीट लावलेल्या होत्या आणि मालक जेल, मेमरी फोम, ऑर्थो असले शब्द टाकत होता. २,६०० दिले. दोन महिन्यात मधोमध खड्डा. शिलाई वरच्या बाजूला मारल्यामुळं पावसात पाणी आत जातं आणि मग कोरडं ऊन पडलेलं असताना पण आपण बसलं की पँट ओली, ऑफिसात लोक बघतात. उसवून बघितलं तर जेल नाहीच, तुकडे चिकटवून केलेला फोम. तक्रार करायला गेलो तर म्हणे तुमचं वजन किती. आता मामांच्या ओळखीच्या माणसाकडं परत करून घेणार आहे, आणि मामा हसणार आहेत, त्याची मनाची तयारी चालू आहे.

तर हिशोब असा, मॉडिफिकेशनचे ६,८००, आधीचे १७,५७०, एकूण २४,३७०. उरले ६३०, त्यात मामा, पोरगं, वेल्डिंगवाला आणि मी अशी मिसळ झाली.

आता गॅरेजच्या तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोक म्हणणार मामांनी पैसे दिलेत. पहिलं, तारीख. चार दिवस सांगितले, अकरा लागले. जादाच्या सातातले तीन दिवस पार्ट येण्यात गेले ते समजू शकतो (ओरिजिनल पुडीशिवाय कोनसेट घालणार नाही म्हणाले), पण बाकीचे चार दिवस गाडी नुसती कोपऱ्यात पुढचं चाक काढून उभी होती आणि मामा कुणाच्या तरी लग्नाला. फोन उचलत नाहीत. उचलला तर "आज संध्याकाळी ये" म्हणतात आणि ती संध्याकाळ येत नाही. दुसरं, बिल नाही. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं पेनानं हिशोब, तो पण ऑइलचा हात लागलेला, "३१००" आहे का "३७००" त्यावरून पाच मिनिटं गेली. वॉरंटी, गॅरंटी काही नाही, त्यांचा शब्द. जुने पार्ट मात्र न मागता पिशवीत घालून परत दिले, प्रत्येक पार्ट कुठं झिजलाय ते दाखवून, आणि हे शोरूममधे मला मागूनही कधी मिळालं नव्हतं. तिसरं, हँडल ट्राय करताना टाकीला एक ओरखडा पाडला, बोटभर. मामांनी स्वतःहून दाखवला, लपवला नाही, मजुरीतनं २०० कमी करतो म्हणाले. ओरखडा तसाच आहे. टाकीवर कापड टाकलं असतं तर पडला नसता, एवढ्या वर्षांच्या माणसाला हे मी काय सांगणार. आणि हो, बसायला जागा नाही, टायरवर बसावं लागतं.

चार स्टार. एक तारखेसाठी कापला. घाईत असाल, ऑफिसातनं सुट्टी मिळत नसेल, पक्कं बिल पाहिजे असेल तर जाऊ नका, चिडचिड होईल. नवीन बीएस-सिक्स, फ्युएल इंजेक्शनवाली असेल तरी नको, मामा स्वतःच म्हणतात लॅपटॉप जोडायचा असेल तर शोरूमला जा. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल, आणि ती खरी काय अवस्थेत आहे हे ऐकून घ्यायची तयारी असेल, तर जा.

काम झाल्यावर दुसऱ्या रविवारी गगनबावड्याला गेलो, कोल्हापुरातून पंचावन्नेक किलोमीटर. जायच्या आधी हवा तपासली, पुढं २० आणि मागं ३०, पंपावरचा पोरगा दोन्हीकडं ४० भरायला निघाला होता, त्याला थांबवलं. वाटेतल्या कळे गावापर्यंत ऊन होतं, पुढं पाऊस, आणि गगनबावड्यात इतकं धुकं की समोरच्या एसटीचा फक्त आवाज. करूळ घाटात थोडं उतरून परत फिरलो. तिथल्या एका वळणावर अचानक म्हैस आली आडवी, ओला रस्ता, मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. मागचं चाक किंचित सरकलं आणि धरलं. म्हैस माझ्याकडं बघून पुढं गेली. मी दोन मिनिटं तिथंच साइडला उभा राहिलो, २३१६ वाला टायर डोळ्यासमोर आला.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मामांना सांगायला गेलो. त्यांनी म्हशीचं ऐकलंच नाही, चेनवर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले पावसातनं आलास तर चेन पुसून ऑइल सोडायचं असतंय हे कोण सांगणार तुला. मग नवीन चेन बसताना थोडी सैल होते म्हणून ताणून दिली, खाली-वर पंचवीस-तीस एमएम हलली पाहिजे हे पट्टी लावून दाखवलं, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन टूलकिट बघायला साइड कव्हर उघडलं तर आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलेलं दिसलं, कधी लिहिलं देव जाणे:

ऑइल ४५३००. क्लच प्लेट बघणे. पुढचा टायर दिवाळीआधी. सायलेन्सर नाय.